शब्दचर्चा : ‘समाचारास जाणे’ आणि दवाखान्यातलं लेकरू

विचारणा
आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पत्रकात ‘आजारी लेकराच्या समाचारास जाताना’ या मथळ्याचं एक पान द्यायचं आहे. तरुण मंडळींचा आक्षेप असा, की समाचार घेणे म्हणजे खरडपट्टी काढणे, मग हा शब्द शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कसा? ठेवावा की ‘भेट’ म्हणावं? आणि भाचा किंवा पुतणी सिव्हिलला ॲडमिट असेल, तर या शब्दात नेमकं काय काय येतं?

मराठीचे गुरुजी
शब्द ठेवा. मत्तय २५:३६ मध्ये ‘समाचारास’ येणं आहे आणि याकोब १:२७ मध्ये अनाथ-विधवांचा संकटात ‘समाचार घेणे’ आहे. दोन्हीकडे मूळ ग्रीक क्रियापद एकच, एपिस्केप्टोमाय. त्याचा अर्थ जाऊन पाहणं, लक्ष घालणं, काळजी वाहणं. ‘बिशप’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे तोंड दाखवून परतणं यात बसत नाही. झापण्याचा अर्थ त्याच वाक्प्रचाराचा उपरोधिक वापर आहे, ‘चांगलाच समाचार घेतला’ म्हणतो तसा. रूपांकडे लक्ष द्या : ‘समाचारास/समाचाराला जाणे’ यात झापण्याची छटा कधीच येत नाही, ती फक्त ‘घेणे’ला चिकटते. मथळा बिनधास्त छापा.

पूर्व भागातून
आपल्या सोलापुरात आणखी एक अडचण आहे. कन्नडमध्ये ‘एन समाचार?’ म्हणजे ‘काय विशेष?’ आणि तेलुगूत समाचारम् म्हणजे बातमी, माहिती. मंडळीत या भाषा बोलणारी घरं असतील, तर त्यांच्या कानाला ‘बातमी काढायला जाणे’ असं लागू शकतं. मथळ्याखाली एक ओळ अर्थाची द्या.
शिवाय फोनवर ‘समाचाराला येतो’ म्हणू नका. काही घरांत दुखवट्याला जाण्यालाही समाचाराला जाणं म्हणतात. पोरगं आयसीयूत असताना आईच्या कानावर तो शब्द पडला तर काळजात धस्स होतं. तोंडी ‘भेटायला येतो’ हेच बरं.

परिचारिका, बालरोग विभाग
गुरुजी, ‘काळजी वाहणं’ हा अर्थ वॉर्डात कसा दिसतो ते लिहिते.
निघण्याआधी आईला किंवा जवळ थांबलेल्या माणसाला फोन करा आणि वेळ, पास विचारून घ्या. स्वतःला सर्दी, ताप, जुलाब, डोळे आलेले असतील तर जाऊच नका. त्या दिवशी घरून प्रार्थना करा. आत एका वेळी दोघंच. खाटेला हात लावण्याआधी साबणाने निदान २० सेकंद हात धुवा, निघतानाही धुवा. खाटेवर बसू नका. सलाईनचा हात धरून प्रार्थना करायला जातात आणि सुई सरकते, हात सुजतो. दुसरा हात धरा किंवा नुसतं शेजारी उभं राहा.
खाऊ विचारल्याशिवाय नाही. भूल द्यायची असेल तर साधारण ६ तास घन अन्न आणि २ तास पाणीही बंद असतं. मावशीने प्रेमाने भरवलेल्या एका बिस्किटाने ऑपरेशन पुढे जातं, कारण भुलेत उलटी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. केमो चालू असलेल्या मुलाजवळ ताजी फुलं, कापलेली फळं नकोत. प्रतिकारशक्ती उतरलेली असते.
थांबायचं दहा मिनिटं, त्यातली प्रार्थना एक-दोन मिनिटांची, हळू आवाजात. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचं लेकरू झोपलेलं असतं.

पाळक
ताईंच्या ‘दोघंच’ला शास्त्राचा आधार आहे. मार्क ५ मध्ये याईराच्या १२ वर्षांच्या मुलीच्या खोलीतून येशूने गलबला करणाऱ्यांना बाहेर काढलं. आत आईबाप आणि तीनच शिष्य. मग तिचा हात धरून ‘तलीथा कूम’ (मुली, ऊठ) म्हटलं, आणि लगेच तिला खायला द्यायला सांगितलं. गर्दी कमी, बोलणं थोडं, गरजेकडे लक्ष.
मुलाला आधी विचारा, ‘तुझ्यासाठी प्रार्थना करू का?’ नको म्हणाला तर आग्रह नको. करायची तर त्याच्या खऱ्या भीतीचं नाव घेऊन करा : उद्याची भूल, टोचण्याची भीती, बुडणारी परीक्षा. ‘प्रभू उद्याच बरं करील’ असं वचन देऊ नका. ताप उतरला नाही की पोर स्वतःच्या विश्वासाला दोष देतं. ‘कुणाच्या पापामुळे’ हा विषय तर उंबऱ्याबाहेर ठेवा. योहान ९ मध्ये शिष्यांनी तो प्रश्न विचारला, येशूने तो नाकारला.

पूर्व भागातून
आईचाही समाचार घ्या! तासभर लेकराजवळ बसा, तिला आंघोळ करून येऊ द्या. तिच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, दोन दिवस टिकते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार लागतं; झेरॉक्स काढून आणणारा नातेवाईक लाखमोलाचा. रक्त लागलं तर देणाऱ्यांची यादी तयार ठेवा. पुरुषांना ३ महिन्यांनी, स्त्रियांना ४ महिन्यांनी पुन्हा देता येतं, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी देऊन टाकू नये.

विचारणा
मथळा ठरला. एक उरलं : ‘तैलाभ्यंग’ आणि ‘रुग्णाभ्यंग’ एकच का?

पाळक
याकोब ५:१४ मध्ये तैलाभ्यंग आहे, मंडळीच्या वडिलांनी तेल लावून करायची प्रार्थना. इथे ‘वडील’ म्हणजे बाप नव्हे, मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ. पत्रकात ते स्पष्ट लिहा, नाहीतर मुलाच्या वडिलांनीच तेल लावायचं असा समज होतो. रुग्णाभ्यंग हा कॅथलिक संस्कार, तो फक्त धर्मगुरू देतात, आणि समज आलेल्या मुलालाच, म्हणजे साधारण सातव्या वर्षापासून. त्याहून लहान असेल तर फादर आशीर्वाद देतात. तेल थेंबभरच, कपाळाला; रुग्णाभ्यंगात हातांनाही. जखमेजवळ किंवा ड्रेसिंगवर लावू नये, आणि लावण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरांना विचारावं.