सिझरनंतर चक्कर येते, हिमोग्लोबिन मात्र ठीक. आणखी काय तपासावं?

प्रश्न
बहिणीच्या सिझरला तिसरा आठवडा चालू आहे. टाके कोरडे आहेत, ताप नाही. पण उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते. हिमोग्लोबिन ११.२ आलंय. ‘बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ एवढंच उत्तर मिळतं. बाळाला उचलायचीही तिला भीती वाटते. डॉक्टरांना काय विचारावं?

प्रतिसाद १
चक्कर नेमकी कशी येते ते आधी तिच्याकडून नीट काढून घ्या. कुशीवर वळताना खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, तर दोष बहुधा कानाच्या आतल्या भागात असतो. डोकं ठरावीक क्रमाने वळवून डॉक्टर तो घालवू शकतात. उभं राहिल्यावरच अंधारी येत असेल तर बीपी बघा, पण झोपून आणि उभं राहून, दोन्ही. बहुतेक ठिकाणी फक्त बसवून मोजतात आणि ‘नॉर्मल’ लिहितात, तिथेच हे निसटतं.

पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. जवळ कुणीतरी धरायला हवंच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण सापडलं म्हणायचं. मात्र बीपी का उतरतं, हे तरीही शोधावं लागतं: पाणी कमी पडणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, औषधं.

प्रतिसाद २
कण्यात भूल दिली होती का? बसलं-उठलं की डोकं ठणकतं, आडवं पडलं की उतरतं, सोबत मान आखडते, कानात आवाज येतो, असं असेल तर सुईच्या जागेतून मणक्यातलं पाणी झिरपत असू शकतं. हे सहसा पहिल्या पाच दिवसांत सुरू होतं, पण रेंगाळू शकतं. भूलतज्ज्ञांनाच दाखवा.

आणि या गोष्टींसाठी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा: तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, बेशुद्ध पडणं, धाप किंवा छातीत दुखणं, एकाच पायाला सूज, ताप, बोलणं अडखळणं, तीव्र डोकेदुखी, नजरेसमोर ठिपके. बीपी १६०/११० किंवा वर गेलं तरीही. गरोदरपणातला बीपीचा त्रास बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत डोकं वर काढू शकतो.

प्रश्नकर्ता
डोकं दुखत नाही, यातलं दुसरं काही नाही. झोपून ११२/७४, उभं राहून ८८/६०. नवव्या महिन्यात बीपीसाठी लॅबेटालॉल सुरू झालं होतं, ते अजून तसंच चालू आहे.

प्रतिसाद ३
मग पहिला संशय त्या गोळीवरच घ्या. बाळंतपणानंतर बीपी साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातं, पुढे उतरत जातं. डोस मात्र कुणी कमी केला नाही, तर तीच गोळी जास्त होते. १३०/८० च्या खाली आकडे आले की डोस कमी करण्याचा विचार व्हायला हवा. स्वतःहून बंद करू नका, बीपी उसळू शकतं. हे आकडे आजच फोनवर डॉक्टरांना सांगा आणि पुढची गोळी घ्यायची का, हे विचारून घ्या. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही चक्कर येते.

फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. हिमोग्लोबिन बरं दिसत असताना लोहाचा साठा रिकामा असू शकतो. मात्र शरीरात सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा.

डोस बदलेपर्यंत: आधी कुशीवर वळायचं, हाताच्या आधाराने बसायचं (टाक्यांवरही ताण कमी येतो), पाय खाली सोडून घोटे वीस-पंचवीस वेळा हलवायचे आणि मगच उठायचं. अंधारी आली तर लगेच खाली बसायचं. कढत पाण्याने अंघोळ नको, त्याने बीपी आणखी उतरतं. न्हाणीघराला आतून कडी लावू नये. बाळाला तिने बसल्यावरच हातात घ्यावं. उचलून नेणं, जिने चढणं-उतरणं दुसऱ्या कुणीतरी करावं.