मदत हवी आहे: मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानाचे नेमके किती तास धरायचे?

आई (वय ७१) सप्टेंबरात पहिल्यांदाच एकटी बहिणीकडे न्यूयॉर्कला चालली आहे. तिला मधुमेह आहे, रोज रात्री दहाला इन्सुलिन घेते. डॉक्टर म्हणाले, "घर सोडल्यापासून तिथल्या घरी पोचेपर्यंतचे तास लिहून आणा, मग डोस ठरवू." ते लिहायला बसले आणि अडकले.

तिकिटावर निघायची वेळ रात्री १:५०, पोचायची सकाळी ८:२०, तारीख तीच. आई म्हणाली, "साडेसहा तासच की!" पण तिथलं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे खरे तास १६. परतीचं तिकीट डिसेंबरचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे घेतात, त्यामुळे फरक साडेदहाचा. सकाळी ११:२० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:२०, म्हणजे साडेचौदा तास.

अंतर एकच, मग जाताना दीड तास जास्त का? सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किमी आहे. ताशी ९०० किमी धरले तर १४ तास होतात. लेकीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला. भिंतीवरच्या नकाशात रेघ मारली की ती उत्तर आफ्रिकेवरून जाते, पण गोलावर दोरा आपोआप वर सरकला: पाकिस्तान, अफगाणिस्तान, सेंट पीटर्सबर्गजवळून फिनलंड, नॉर्वे, आइसलंड आणि ग्रीनलंडचं खालचं टोक. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं, तो वळसाही यात धरलेला असतो का? आणि धावपट्टीवर थांबण्याचा वेळ या १६ तासांत येतो की वेगळा?

ज्यांनी आईवडिलांना असं एकटं पाठवलंय, त्यांनी कृपया सांगा. मला खरंच काळजी वाटतेय.

प्रतिसाद:
ताई, तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, ठरलेला वळसा, सगळं त्यात आलं. जाताना जास्त लागतो तो मुख्यतः वाऱ्यामुळे. दहा-बारा किमी उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, जाताना समोरून आणि येताना पाठीमागून. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो.
इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, खाली सामानात ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा. आणि १:५० चं विमान म्हणजे आदल्या रात्रीच घर सोडायचं, तारखेत इथेच घोळ होतो.

मी:
मनापासून आभार! कागद लिहिला. रात्री ९ ला घर सोडायचं, म्हणजे दहाचं इन्सुलिन वाटेत गाडीत येतं. त्यानंतरचे आपले रात्रीचे दहा म्हणजे तिथले दुपारचे साडेबारा. तोवर ती बहिणीच्या घरी जेवायला बसलेली असेल. उद्या हाच कागद डॉक्टरांना दाखवते.