टेकडीवरच्या पॉइंटला स्मरणार्थ बाक बसवायचाय: परवानगी, दगड, पाटी?

पायवाट_नागपूर: रामटेकच्या बाजूला, खिंडसी तलाव दिसतो अशा एका पॉइंटवर आमच्या ग्रुपला दिवंगत ज्येष्ठ सदस्याच्या स्मरणार्थ बाक आणि छोटी पाटी लावायची आहे. परवानगी कोणाची? बाक कशाचा टिकेल?

सातबारावाला: आधी जागा कोणाची ते काढा. गट नंबर शोधून सातबारा पाहा. 'वन' लिहिलं असेल तर विषय सरळ आहे. 'झुडपी जंगल' अशी नोंद असेल तर महसूलची पडीक जमीन समजून तलाठ्याकडे जाऊ नका. पूर्व विदर्भातल्या या जमिनी वनच आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केलंय. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यामार्फत उपवनसंरक्षकांकडे करा. त्यात 'आम्ही बांधतो' असं लिहू नका. 'विभागाने ठरवलेल्या जागी, विभागाच्या देखरेखीखाली बाक देणगी म्हणून देतो, मालकी विभागाची' असं लिहा. सोबत जागेचे अक्षांश-रेखांश, चार फोटो आणि मापाचं रेखाचित्र जोडा.

आणि रामटेकला संरक्षित स्मारकं आहेत हे विसरू नका. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढचे 200 मीटर परवानगीनेच. पॉइंट त्यात येत असेल तर दुसरा निवडा, भांडत बसू नका.

मुरूम_आणि_खडी: लाकडी बाक नको, वाळवी लागू शकते. लोखंडी तर मे महिन्यात बसायच्या लायकीचा राहत नाही. ग्रॅनाइट घ्या, पण सावलीत ठेवा. 150 × 40 × 5 सेंमीची लादी सुमारे 80 किलो भरते, पायवाटेने एका तुकड्यात नेणं जिकिरीचं. 75 सेंमीचे दोन तुकडे करा, मग आधार तीन लागतात, मधला दोन्ही तुकड्यांच्या सांध्याखाली. बसायची उंची 45 सेंमी.

प्रत्येक पायाला 40 × 40 × 30 सेंमी खड्डा. 1:1.5:3 (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीटला तिन्ही मिळून सव्वा पोतं सिमेंट लागतं, दोन पोती न्या. पाणी वर नेणं हेच खरं काम: कालवायला तीसेक लिटर, शिवाय निदान सात दिवस गोणपाट ओलं ठेवायला वेगळं. ते टाळलं की पाय पहिल्याच वर्षी कडेने भुरभुरतात. खाली मुरूम लागला तर ठीक. काळी माती निघाली तर मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बाक कलतो. काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरका, फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस.

कड्यापासून निदान 3 मीटर आत. लोक बाकावर उभं राहून फोटो काढतात, हे गृहीत धरूनच जागा ठरवा.

अक्षरजुळणी: पाटी वेगळी लावूच नका, पितळ असो की स्टील, चोरीला जाते. लादीच्या पुढच्या उभ्या कडेवर कोरा, पण कड फक्त 5 सेंमीची, त्यामुळे एकच ओळ बसते. अक्षरं 20 मिमी उंच, 3 मिमी खोल. त्याहून लहान घेतलं की 'द्ध', 'ष्ट' अशी जोडाक्षरं भरून येतात. 'कै. … यांच्या स्मरणार्थ' एवढं पुरे, देणगीदारांची यादी नको. कोरण्याआधी कागदावर खऱ्या मापाचा नमुना काढून घरच्यांची सही घ्या.

पायवाट_नागपूर: सावलीसाठी मोहाचं मोठं झाड आहे तिथे. चालेल?

सातबारावाला: नको भाऊ. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं वेचायला माणसं येतात, आणि जिथे अस्वलं आहेत तिथे तीही येतात. बेहडा किंवा तेंदू पाहा. कड्याखाली आग्या मोहोळ नाही ना, तेही वनरक्षकाला विचारून घ्या.

पायवाट_नागपूर: आणि पॉइंटला त्यांचंच नाव? गूगल मॅपवर टाकता येईल?

सातबारावाला: बाकावर नाव आणि पॉइंटला नाव या दोन वेगळ्या गोष्टी. विभागाने नाव दिल्याशिवाय नकाशावर चढवू नका. गावकऱ्यांचं त्या जागेला आधीपासून नाव असतंच, ते पुसलं गेलं तर गावातूनच विरोध होतो. त्यापेक्षा दर दिवाळीनंतर बाकाभोवतीचं गवत काढणं आणि सांधे भरणं कोण करणार, हे अर्जातच लिहून द्या.