विषय: पुन: बोअरवरचं घर, स्वयंपाकघरातला नळ गोठलाय

प्रेषक: सु. (एलोराच्या पुढे, ऑन्टारिओ, कॅनडा)

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या मेलांमध्ये मध्येच घुसतेय. काल रात्री उणे २४ होतं, वर वारा. सकाळपासून स्वयंपाकघरातला नळ कोरडा आहे, वरच्या बाथरूमला मात्र पाणी येतंय. घर जुनं फार्महाउस, स्वतःची बोअर, सेप्टिक टँक. स्वयंपाकघर मागाहून जोडलेलं आहे, त्याखाली बेसमेंट नाही, नुसती क्रॉलस्पेस, म्हणजे रांगत जाण्याइतकी पोकळी. इथला प्लंबर परवाशिवाय येणार नाही. आमचे हे म्हणतायत, गॅसच्या ज्योतीचा टॉर्च आहे, तोच लावून बघू. आणि टोरांटोच्या मैत्रिणी सांगतात की रात्री नळ बारीक सोडून ठेवायचा. पुढच्या वेळेसाठी तसंच करू का?

प्रेषक: व. (ग्रे काउंटी)

सुताई,

टॉर्च आधी गॅरेजात परत ठेवायला सांगा. जुन्या घराच्या भिंतीत लाकडाचा भुसा, वर्तमानपत्रं, काय काय कोंबलेलं असतं. दर हिवाळ्यात अशानेच घरं पेटतात. शिवाय दोन्हीकडे बर्फ आणि मध्ये उकळतं पाणी असं झालं तर वाफेने पाईप फुटून तुमच्या हातातच येईल.

वर पाणी येतंय म्हणजे बोअर, पंप, जमिनीखालची लाईन सगळं ठीक. गोठलंय ते फक्त क्रॉलस्पेसमधलं. नळ पूर्ण उघडा ठेवा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे खरं, पण पाईप बहुतेक वेळा फुटतो तो बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने. म्हणून चीरही पुष्कळदा बर्फाच्या जागेपासून लांब, नळाकडच्या बाजूला सापडते.

आता एक गोष्ट शहरातल्यांच्या लक्षात येत नाही. फुटलेला पाईप बर्फ वितळेपर्यंत गळत नाही, बर्फच बूच बनून बसलेला असतो. तो सुटला की दाब पडतो, ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की प्रेशर स्विच पंप चालू करतो, आणि पंपाला काय, तो उपसतच राहणार. म्हणून टॉर्च घेऊन बसण्यापेक्षा यांना ब्रेकर पॅनेलपाशी उभं करा. पंपाचा ब्रेकर पाडला तरी प्रेशर टँकमधलं (पंपाचं पाणी दाबाखाली साठवणारी टाकी) पाणी येतच राहतं, तेव्हा टँकच्या पुढचा व्हॉल्व्हही बंद व्हायला हवा. तो फिरतो का ते आत्ताच बघून ठेवा. इलेक्ट्रिक वॉटर हीटरची टाकी रिकामी होईल असं वाटलं तर त्याचा ब्रेकरही पाडा, नाहीतर आतलं एलिमेंट जळतं.

मग केस वाळवायचा ड्रायर घ्या, नळाकडून सुरुवात करून मागे मागे जा. सिंकखालच्या कपाटाची दारं सताड उघडी. गरम पाण्यात बुडवलेले टॉवेलही चालतात. वेळ लागतो, लागू द्या. पाईप कुठे फुगलेला किंवा चिरलेला आधीच दिसला तर मात्र व्हॉल्व्ह बंद करूनच वितळवा.

नळ बारीक सोडण्याचं: सेप्टिक असेल तर जपून. ते थेंबथेंब पाणी टाकीकडे जाणाऱ्या नळीत थरावर थर गोठतं आणि पुढच्या आठवड्यात तुमचं सांडपाणी उलटं येतं. वीज गेली तर पंपच बंद, मग टँकमधलं संपलं की थेंबही नाही. कडाक्याच्या रात्री झोपायच्या आधी वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावा, त्याचा जास्त उपयोग.

प्रेषक: मि. (मिसिसागा)

सुताई, फोटो काढून ठेवा, इन्शुरन्सला लागतील. आणि भारतात जाणार असाल तर पॉलिसी वाचून जा. हिवाळ्यात चार दिवसांपेक्षा जास्त बाहेर असाल तर रोज कुणीतरी घर बघावं किंवा पाणी बंद करून पाईप रिकामे करावेत, अशी अट बहुतेकांत असते.

तिळगुळाचे डबे कोण आणतंय हे अजून ठरलेलं नाही!!

प्रेषक: सु.

वदादा, पाणी सुटलं, आणि तुम्ही म्हणालात तसंच, सिंककडच्या कोपराजवळून कारंजं. व्हॉल्व्ह लगेच बंद केला. अर्ध्या इंची तांब्याचा पाईप आहे, बोटभर लांब चीर. यांना सोल्डरिंग येत नाही. पुश-फिट कपलिंग (सोल्डरशिवाय नुसतं दाबून बसवायचा जोड) चालेल का?

डबे मी आणते.

प्रेषक: व.

चालेल, उलट तेच बरं. सोल्डरला पाईप आतून कोरडा लागतो, आणि गळक्या पाईपमधलं पाणी शेवटपर्यंत टपकत राहतं. पुश-फिटला ओलं चालतं. पण कापताना हात आखडू नका. चिरेच्या दोन्ही बाजूंना तांबं फुगलेलं असतं. अर्धा इंची म्हणतात तो पाईप बाहेरून ५/८ इंच, आणि कपलिंगही नेमकं त्याच मापाचं. फुगलेल्या जागी ते चढतच नाही, आणि ठोकून चढवलं तर आतलं रबर फाटतं. म्हणून फुगवटा संपून पाईप पुन्हा सरळ लागेल तिथून कापा. मध्ये पेक्सचा (लवचिक प्लास्टिक पाईप) तुकडा आणि दोन कपलिंग. कडेची धार कानशीने नीट घासा, किती आत जायचं त्याची खूण पेनने करा, खुणेपर्यंत गेलं नाही तर आठवड्याने निसटतं.

पेक्स गोठलं तरी तांब्यापेक्षा जास्त ताणतं, पण त्याच्या फिटिंग फुटू शकतात. तेव्हा खरं काम क्रॉलस्पेसमध्ये आहे. भिंत आणि पायाच्या सांध्यातून येणारा वारा बंद करा, नुसता फोम गुंडाळून भागत नाही. इन्सुलेशन पाईपच्या बाहेरच्या अंगाला हवं. पाईप आणि घराची ऊब यांच्यामध्ये घातलंत तर उलट लवकर गोठेल. हीट केबल (पाईप गरम ठेवणारी विजेची तार) घेतलीत तर स्वतःच तापमान सांभाळणारी घ्या, सीएसएचा (कॅनडातली सुरक्षा-मानकांची संस्था) शिक्का बघा, प्लास्टिकवर चालते असं लिहिलेलं असेल तरच पेक्सवर लावा. कोठारापाशी फ्रॉस्ट-फ्री हायड्रंट (न गोठणारा बाहेरचा नळ) असेल तर त्याचा होज आजच काढा. होज लावलेला राहिला की आतलं पाणी खाली निचरत नाही, आणि मग त्या नावाला काही अर्थ नाही.

जोडून झालं की नळ भरपूर वाहू द्या, आणि पाण्याची तपासणी करून घ्या. बाटली हेल्थ युनिटमध्ये (स्थानिक सरकारी आरोग्य कार्यालय) मिळते, खाजगी बोअरवाल्यांना पैसे पडत नाहीत. नमुना ४८ तासांत लॅबला पोचला पाहिजे. त्यात फक्त जंतू बघतात, नायट्रेट नाही. पाईपशी त्याचा तसा संबंध नाही, पण २००० साली जवळच्या वॉकर्टन गावात दूषित पाण्याने सात माणसं गेली, तेव्हा या भागात विहिरीवर राहणाऱ्या कुणी हे टाळू नये.

शनिवारी कार्यक्रमाला येतोच आहे. पाईप कटर गाडीत टाकून आणतो, तुमच्याकडे नसेल तर.