मदत हवी आहे: डीबगर चुकीच्या अँड्रॉइड आवृत्तीच्या सोर्समध्ये शिरतो

नमस्कार. ऐरोलीतील एका कार्यालयात मी अँड्रॉइड अॅपचे काम करतो. अँड्रॉइड स्टुडिओमधील आमच्या प्रकल्पाचा कंपाइल एसडीके (ज्या अँड्रॉइड आवृत्तीच्या आधारे अॅप बांधले जाते ती) ३४, म्हणजे अँड्रॉइड १४ आहे, मात्र चाचणीचा फोन अँड्रॉइड ११ वर, म्हणजे एपीआय ३० वर (एपीआय हा अँड्रॉइड आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक) चालतो. डीबगरमध्ये (कोड ओळीओळीने चालवून दोष शोधण्याच्या साधनात) ‘स्टेप इन्टू’ करताना, म्हणजे बोलावलेल्या मेथडच्या आत शिरताना, आमच्या कोडपर्यंत सारे ठीक असते; परंतु ‘व्ह्यू’सारख्या प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे अँड्रॉइडच्याच, क्लासमध्ये शिरताच एपीआय ३४ ची सोर्स फाइल (मूळ कोड) उघडते आणि, फोनवर प्रत्यक्ष चालणाऱ्या बाइटकोडमधील (कंपाइल झालेल्या कोडमधील) ओळक्रमांक एपीआय ३० च्या सोर्सचे असल्याने, कर्सर कधी टिप्पणीवर, तर कधी भलत्याच मेथडच्या मधोमध जाऊन बसतो.

एसडीके मॅनेजरमधून एपीआय ३० चे सोर्स उतरवून घेतले, कॅशेही साफ केली. फरक पडला नाही. फोन बनवणारे फ्रेमवर्कमध्ये स्वतःचे बदल करतात, म्हणून एपीआय ३० च्या एम्युलेटरवरही (संगणकावरील आभासी फोनवरही) पाहिले. तेथेही ३४ चीच फाइल उघडते, त्यामुळे दोष फोनचा नसावा. कंपाइल एसडीके ३० वर आणण्याचा उपाय मला पटत नाही, कारण आमच्या काही लायब्रऱ्यांना त्याहून वरचा एसडीके लागतो. डीबगरने जोडलेल्या उपकरणाच्याच आवृत्तीचे सोर्स वापरावेत, यासाठी नेमके कोठे काय बदलावे, हे कोणी सांगू शकेल का?