प्रतिसाद: आईला बाहेर ठेवल्याने संसर्ग थांबतो का?

नवजात अतिदक्षता विभागात जंतुसंसर्ग नातेवाइकांमुळेच पसरतो, म्हणून आईलाही काचेबाहेर ठेवावे, हे वरच्या एका प्रतिसादातले मत मला पटत नाही. अशा विभागांत बाळांना गाठणारे क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू बहुधा रुग्णालयातच ठाण मांडून असतात. सिंकच्या जाळीत, व्हेंटिलेटरच्या ओलसर नळ्यांत, आणि मुख्य म्हणजे एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या हातांवर.

माझी पुतणी 32व्या आठवड्यात जन्मली, तेव्हा मुंबईतल्या एका रुग्णालयात आम्हाला घड्याळ, अंगठी काढून कोपरापर्यंत हात धुवायला लावत, आणि ते योग्यच होते. पण सहा बाळे एकटीने सांभाळणारी परिचारिका मॉनिटर वाजला की भिंतीवरच्या सॅनिटायझरकडे न बघता धावत सुटे. दोष तिचा नव्हता. त्या पाळीला माणसेच कमी होती (मध्यरात्री तर ती दोन विभागांत ये-जा करी).

आईचे दूध तर बाळाचे संरक्षणच करते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली सुरू झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, 1 ते 1.8 किलो वजनाच्या ज्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने छातीशी धरले, त्यांच्यात 28 दिवसांतील मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी आढळले आणि जंतुसंसर्गही घटला. तिथे आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आतच होती.