मदत हवी आहे : चंद्रनाथ डोंगराची जुनी पायवाट

गोव्यातल्या पारोड्याहून चंद्रनाथाच्या डोंगरावर पायी चढायचंय. उंची साधारण साडेतीनशे मीटर, म्हणजे अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल. गाडीरस्ता माहीत आहे, शेवटच्या पायऱ्याही चढलेय. तो पर्याय नकोय. जवळचं चांदोर गाव म्हणजे प्राचीन भोज राजघराण्याची राजधानी चंद्रपूर, आणि हा डोंगर त्यांच्या कुलदैवताचा. पौर्णिमेच्या चांदण्यात वरच्या देवळातलं शिवलिंग पाझरतं म्हणतात. असं ठिकाण गाडीने गाठण्यात जीव रमत नाही!

गेल्या रविवारी पायथ्यापासून प्रयत्न केला. वीसेक मिनिटं झिजलेले, शेवाळलेले दगड पायाखाली होते, मग करवंदीच्या जाळीत वाट हरवली. मोबाईलच्या नकाशात ती दिसतच नाही. खाली दुकानात विचारलं, तर सगळे गाडीरस्ताच दाखवतात.

सोबत बारा वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासऱ्यांना चढ जमतो, पण घसरडा उतार नको, म्हणून परतताना गाडीरस्त्याने चालत येऊ. सकाळी साडेसहाला निघून दुपारच्या आत खाली यायचंय. पावसाळ्यात जाणार नाही, तेव्हा कुशावती नदीच्या पुराने पारोड्याचा रस्ताच बुडतो.

अलीकडे कुणी ही वाट पूर्ण चढलंय का? त्या जाळीपासून डावीकडे वळायचं की सरळ वर?